ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, मग अँजिओग्राफी कशाला? हृदयाच्या तपासण्यांत नेमकं काय दिसतं?

दर काही दिवसांनी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो. चाळिशीतला माणूस जिममध्ये किंवा लग्नाच्या वरातीत नाचताना कोसळतो. खाली कमेंट ठरलेली असते, “गेल्याच महिन्यात चेकअप केलं होतं, ईसीजी एकदम नॉर्मल होता.” मग कुणी म्हणतं डॉक्टरांनी नीट बघितलं नाही, कुणी म्हणतं तपासण्या म्हणजे नुसती लूट.

याच्या बरोब्बर उलटा प्रसंग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये घडतो. आत अँजिओग्राफी चालू असते आणि बाहेर नातेवाइकांच्या हातात कागद येतो. “सत्तर टक्के ब्लॉकेज आहे. आत्ताच स्टेंट टाकायचा का? सही करा.” निर्णयाला पाच मिनिटं.

पहिल्या प्रसंगात तपासणीनं काहीच दाखवलं नाही असं वाटतं. दुसऱ्यात जे दिसलं ते ताबडतोब दुरुस्त केलंच पाहिजे असं वाटतं. दोन्ही गैरसमजांचं मूळ एकच आहे. हृदयाची प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. आपण मात्र तिच्याकडून सगळ्याच प्रश्नांची उत्तरं मागतो.

विहिरीवरची मोटर पाणी देईना झाली की शेतकरी काय करतो? आधी लाइट आहे का बघतो, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह, मग पाइप. टेस्टर लावल्यावर लाइट आहे हे कळतं, पण पाइपात गाळ अडकलाय हे टेस्टर सांगत नाही. हृदयाचंही तसंच आहे. त्याला वीज आहे, पंप करणारा स्नायू आहे, एका दिशेनं उघडणाऱ्या झडपा आहेत आणि स्वतः त्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आहेत. या नळ्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. यातलं प्रत्येक बघायचं साधन वेगळं आहे.

ईसीजी : हा फोटो नाहीच

ईसीजी म्हणजे आपला टेस्टर. छातीवर आणि हातापायांवर इलेक्ट्रोड लावून हृदयातल्या विजेची नोंद कागदावर घेतली जाते. ही नोंद जेमतेम काही सेकंदांची असते. त्या क्षणी हार्ट अटॅक चालू असेल तर ईसीजी बऱ्याचदा लगेच सांगतो. म्हणूनच छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा नियम आहे.

पण धमनी साठ टक्के बंद आहे आणि माणूस कॉटवर निवांत पडलाय, अशा वेळी स्नायूला लागणारं रक्त पुरेसं मिळत असतं. वीज व्यवस्थित चालते, ईसीजी नॉर्मल येतो. त्यात ईसीजीची काही चूक नाही, कारण नळी किती बंद आहे हा प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नाही.

इतकंच नाही, तर अटॅक सुरू असतानाही पहिला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं तो परत काढतात आणि सोबत ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून दुखत असतानाही घरी निघून जाणं धोक्याचं ठरतं ते यामुळं.

टूडी इको : पंप आणि झडपांचा लाइव्ह व्हिडिओ

गरोदरपणात जी सोनोग्राफी करतात तेच तंत्र हृदयासाठी वापरलं की झाला इको. याची सुरुवात मोठी मजेशीर आहे. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ हृदयाच्या आत बघायचा मार्ग शोधत होते. जवळच माल्मोला जहाजं बांधायचा कारखाना होता. तिथं धातूमध्ये कुठं भेग राहिली आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासायचं यंत्र होतं. ते यंत्र या दोघांनी उसनं आणलं आणि छातीवर लावून बघितलं. परत येणाऱ्या लहरींत हृदयाची हालचाल दिसली. आज गावोगावच्या क्लिनिकमध्ये होणारा टूडी इको त्यातूनच पुढं आला.

इकोत हृदय प्रत्यक्ष धडधडताना दिसतं. भिंती किती जाड आहेत, झडपा नीट उघडतात की नाही, रक्त मागं गळतं का, स्नायूचा एखादा भाग हलायचा थांबलाय का, हे सगळं कळतं. सुई नाही, रेडिएशन नाही. लहानपणी संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडं आजही आहेत. त्यांच्यासाठी तर इकोसारखी दुसरी तपासणी नाही. काही तरण्याताठ्या खेळाडूंच्या हृदयाची भिंत जन्मजात दोषामुळं जाड होते आणि तेही अचानक कोसळू शकतात. ती जाड भिंतही इकोत दिसते.

इकोच्या रिपोर्टमधल्या तीन गोष्टींनी घरोघरी घबराट होते.

एक, ‘इएफ ६० टक्के’. याचा अर्थ हृदय साठ टक्केच चालतंय असा अजिबात नाही. पंपात १०० मिली रक्त भरलं आणि एका ठोक्यात त्यातलं ६० मिली बाहेर गेलं, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी हृदयसुद्धा शंभर टक्के रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० हा आकडा चांगला मानतात.

दोन, ‘ट्रिव्हियल एमआर’ किंवा ‘ट्रिव्हियल टीआर’. म्हणजे झडपेतून नावापुरती गळती. धडधाकट माणसांतही ती सर्रास दिसते.

तीन, स्क्रीनवरचा लाल-निळा रंग. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दाखवायचं, असं मशीनमध्ये ठरवलेलं असतं. त्यातून फक्त प्रवाहाची दिशा आणि वेग कळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. साध्या इकोत कोरोनरी धमन्यांतले ब्लॉकेज दिसत नाहीत. धमनी अरुंद असली तरी स्नायूला अजून इजा झालेली नसेल, तर पंप छान चालतो आणि इको नॉर्मल येतो.

स्ट्रेस टेस्ट : कामाला लावून बघायचं

रिकामी बैलगाडी चढ सहज चढते, भरलेली असली की बैलाचा कस लागतो. स्ट्रेस टेस्टमागं हाच विचार आहे. ट्रेडमिलवर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात आणि ईसीजी चालू ठेवतात. हृदयाची रक्ताची मागणी वाढते. अरुंद धमनीला ती पुरवता आली नाही तर ईसीजीत फरक पडतो किंवा छातीत दुखायला लागतं.

यातच चित्राची भर घातली की तपासणी जास्त नेमकी होते. व्यायामानंतर लगेच इको काढला की तो स्ट्रेस इको. किंवा शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देऊन, ते स्नायूच्या कुठल्या भागात पोचलं आणि कुठल्या भागात नाही, हे गॅमा कॅमेऱ्यानं बघतात. लोक तिला अजूनही ‘थॅलियम टेस्ट’ म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी आता थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात. स्नायूचा कुठला भाग जिवंत आहे आणि कुठं कायमचा व्रण पडलाय, हे नेमकं बघायचं असेल तर हृदयाचा एमआरआय उपयोगी पडतो.

मग स्ट्रेस टेस्ट पास झालेल्या माणसाला अटॅक का येतो?

कारण अटॅक दरवेळी नळी हळूहळू बुजूनच येतो असं नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचलेला असतो, त्याला प्लाक म्हणतात. त्यानं फक्त तीस-चाळीस टक्के जागा अडवलेली असेल तर रक्त मजेत वाहतं आणि ट्रेडमिलवर काहीच जाणवत नाही. पण एखाद्या दिवशी त्या प्लाकची वरची पातळ साल फाटते, तिथं रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत नळी पूर्ण बंद होते. काल नॉर्मल आणि आज अटॅक, हे असं घडतं. रक्त पुरेसं पोचतंय का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर स्ट्रेस टेस्ट देते. भिंतीत काय साचलंय हा प्रश्न वेगळा.

अँजिओग्राफी : चुकून लागलेला शोध

नळ्या आतून बघायच्या तर तिथवर पोचायला हवं. हे धाडस पहिल्यांदा केलं जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या एका पंचविशीतल्या डॉक्टरनं, वेर्नर फोर्समान यांनी. साल होतं १९२९. हृदयापर्यंत नळी घालायला वरिष्ठांनी साफ मनाई केली होती. तरी त्यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली, तसेच चालत एक्स-रे विभागात गेले आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. त्या वेळी त्यांच्या वाट्याला टीकाच आली. पुढं १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तरीही कोरोनरी धमन्या दूरच होत्या. त्यांत थेट डाय सोडला तर रुग्ण दगावेल, अशी समजूत होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडणार होते. नळीचं टोक घसरून उजव्या कोरोनरी धमनीत गेलं आणि जवळपास ३० मिली डाय थेट तिच्यात गेला. हृदय काही सेकंद थांबलं. सोन्स रुग्णाला ओरडून सांगत होते, “खोका!” खोकल्याबरोबर हृदय पुन्हा चालू झालं. रुग्ण वाचला आणि सोन्स यांच्या लक्षात आलं, की थोडा डाय वापरला तर या धमन्यांचं चित्र काढता येतं.

आज मनगटातून किंवा जांघेतून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी आत नेतात. एक्स-रे चालू असतो, डाय सोडला की धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. जिथं सावली बारीक होते तिथं ब्लॉकेज. एक लक्षात ठेवा. अँजिओग्राफी ही तपासणी आहे आणि अँजिओप्लास्टी हा उपचार. आपल्याकडं ‘अँजिओ केली’ या एका वाक्यात दोन्ही गुंडाळतात.

नळी न घालता चित्र : सीटी अँजिओग्राफी

हातातल्या शिरेतून डाय देऊन वेगवान सीटी स्कॅनवर धमन्यांचं चित्र काढता येतं. हृदय सतत हलत असल्यामुळं ठोके कमी करायची गोळी आधी देतात. काही सेकंद श्वास रोखायचा की काम झालं. हिचा मोठा फायदा असा, की नळीतल्या वाटेसोबत भिंतीतला प्लाकही दिसतो.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ लोकांवर यासंबंधी अभ्यास झाला. नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओग्राफी केलेल्यांत पाच वर्षांत अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण २.३ टक्के होतं, न केलेल्यांत ३.९ टक्के. २०१८ मध्ये हे निकाल आले. विशेष म्हणजे पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांत स्टेंट आणि बायपास जवळपास सारखेच झाले होते. मग फरक कशानं पडला? प्लाक डोळ्यांना दिसल्यामुळं योग्य माणसांना कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं जास्त प्रमाणात सुरू झाली, हे त्याचं मुख्य कारण मानतात.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये असणारा ‘कॅल्शियम स्कोअर’ हा याचाच सोपा प्रकार. डाय न देता धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका सहसा कमी, ४०० च्या वर गेला तर बराच जास्त. पण तरुण माणसात प्लाक मऊ असू शकतो आणि त्यात कॅल्शियम नसतं. छातीत दुखत असताना शून्य स्कोअरवर विसंबून राहू नका.

दिसलं म्हणजे दुरुस्त करायचंच का?

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. घरच्या स्वयंपाकघरात बसून प्रयोग करत त्यांनी एक छोटा फुगा तयार केला होता. तो अरुंद जागी नेऊन फुगवला आणि वाट मोकळी झाली. १९८६ मध्ये त्यात स्टेंटची भर पडली. आता एक्स-रेच्या पडद्यावर ब्लॉकेज दिसायचं आणि त्याच टेबलावर उघडायचंही. सोय मोठी झाली, पण जे दिसेल ते उघडायची सवयही लागली.

अडचण अशी, की सावली बघून सांगितलेला ‘सत्तर टक्के’ हा बऱ्याचदा नजरेचा अंदाज असतो. नळाच्या पाइपवर पाय ठेवलाय हे दिसतं, पण पुढं पाणी किती कमी झालं ते पुढं बघूनच कळतं. त्यासाठी एफएफआर नावाचं तंत्र आहे. टोकाला दाब मोजायची सोय असलेली केसासारखी बारीक तार ब्लॉकेजच्या पलीकडं नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर ब्लॉकेज खरंच त्रासदायक धरतात.

यावर ‘फेम’ नावाचा अभ्यास झाला. त्यात डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या ब्लॉकेजपैकी तारेनं मोजल्यावर फक्त ३५ टक्के त्रासदायक निघाले. ७१ ते ९० टक्के वाटलेल्यांतही प्रत्येक पाचातलं एक तसं नव्हतं. मोजून स्टेंट टाकलेल्या गटाला वर्षभरात अटॅक, मृत्यू किंवा पुन्हा प्रोसिजर हा त्रासही कमी झाला.

याहून मोठा अभ्यास ‘इस्केमिया’. २०२० मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात भारतासह अनेक देशांतले ५,१७९ रुग्ण होते. सगळ्यांचा आजार स्थिर होता, म्हणजे कष्ट केले तर त्रास, एरवी ठीक. अर्ध्यांना औषधं आणि सोबत लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणं स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांनी दोन्ही गटांत अटॅक आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं होतं. ज्यांच्या छातीत वारंवार दुखायचं त्यांना मात्र स्टेंट-बायपासनं जास्त आराम पडला.

म्हणजे स्टेंट निरुपयोगी का? मुळीच नाही. डाव्या मुख्य धमनीत मोठं ब्लॉकेज असलेले, पंप फार कमजोर झालेले आणि नुकताच अटॅक आलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांचा हिशोब वेगळा आहे.

अटॅक चालू असेल तर विचारविनिमय नको

गुठळीनं नळी पूर्ण बंद झाली की स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तिथं अँजिओप्लास्टी जीव वाचवते. हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत नळी उघडावी, असं उद्दिष्ट असतं. तालुक्याच्या गावी कॅथलॅब नसेल आणि दोन तासांत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळच्या हॉस्पिटलमध्ये देऊन मग पुढं हलवतात. अशा वेळी ‘आधी पुण्या-मुंबईत सेकंड ओपिनियन घेऊ’ हा विचार महागात पडतो.

उपचारातही हेच कॅमेरे हात धरून नेतात. धमनीच्या आत सोनोग्राफीचा किंवा प्रकाशकिरणांचा बारीक प्रोब नेऊन स्टेंट किती जाड हवा आणि तो भिंतीला नीट चिकटला का, हे बघतात. २००२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिये यांनी छाती न उघडता नळीतून नवी महाधमनी झडप बसवली. आज अशी झडप बसवण्याआधी तिचं माप सीटी स्कॅनवर घेतात.

रेडिएशन आणि डायचं काय?

इको आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. कॅल्शियम स्कोअरला साधारण १ मिलीसिव्हर्ट आणि आधुनिक मशीनवर सीटी अँजिओग्राफीला ३ ते ५ च्या आसपास रेडिएशन लागतं. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतं, त्यावरून अंदाज घ्या. गरज असेल तर घाबरायचं कारण नाही, पण दरवर्षी हौसेनं करायची ही गोष्ट नव्हे.

डायमध्ये आयोडीन असतं आणि त्याचा ताण किडनीवर येऊ शकतो. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. मधुमेह, किडनीचा आजार, पूर्वी डायची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मग डॉक्टरांना काय विचारायचं?

अटॅक चालू नसेल, तर हे चार प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१. ही तपासणी कुठला प्रश्न सोडवण्यासाठी आहे? वीज, पंप, झडप की नळी?

२. रिपोर्ट नॉर्मल आला किंवा नाही आला, तर उपचारात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल, तर ती आत्ताच करायची गरज आहे का?

३. ब्लॉकेज नेमकं कुठल्या धमनीत आहे आणि त्यामुळं रक्त कमी पडतंय हे कशावरून कळलं? स्ट्रेस टेस्ट, एफएफआर की फक्त अंदाज?

४. स्टेंटनं काय मिळेल? जीवाचा धोका कमी होईल की दुखणं कमी होईल? औषधांवर थांबून बघता येईल का?

अँजिओग्राफीला आत जाण्याआधीच हे बोलून घ्या, म्हणजे कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटांत सही करायची वेळ येणार नाही. स्टेंट टाकलाच तर बिलात त्याचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर स्वतंत्र लिहिलाय का बघा. फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा करांशिवाय २९,६०० रुपये ठरली होती, पुढं ती वेळोवेळी बदलत गेली.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी तंबाखू, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशोब संपत नाही. प्लाक तिथूनच सुरू होतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप असं काही जाणवलं तर मागच्या महिन्यातला नॉर्मल रिपोर्ट कपाटातच राहू द्या. त्यानं त्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आजचा प्रश्न नवा आहे, तेव्हा १०८ ला फोन लावा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.